कांगड्याची पत्ती, खडकवासल्याचं पाणी

मला चहा विकण्यापेक्षा चहा विकत घेणं नेहमीच जास्त आवडलं. विकताना समोर गिऱ्हाईक असतं, त्याच्याशी गोड बोलावं लागतं, आणि तो माझा प्रांत नाही. खरेदीत मात्र जितकं कडू बोलाल तितका भाव उतरतो. मंडईच्या मागच्या गल्लीत माझं चहाचं दुकान आहे. गल्ल्यावर आता मुलगी बसते. ती गिऱ्हाइकाला "या, बसा" म्हणते. मी "काय हवंय?" म्हणायचे. तरी माणसं यायची, कारण माल चोख असायचा.

माझे वडील अत्तार. अत्तर, सुरमा, उदबत्त्या आणि थोड्या जडीबुटी एवढं त्यांचं दुकान, आणि ते त्यांच्यामागे भावांकडे गेलं. मुलीला दुकान देतात हे आमच्याकडे तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं. मी भवानी पेठेतल्या एका चहाच्या गोदामात काड्या वेचायला लागले. खोक्यांतून पत्तीबरोबर देठाच्या काड्या येतात, त्या बायका बसून वेचतात. दिवसभर नाक पत्तीत. काही वर्षांनी लक्षात आलं, की खोकं फोडल्याबरोबर माल कुठला आणि किती जुना, हे मला वासावरून कळतंय. मालकाला सांगितलं तर तो म्हणाला, "मग काय, पगार वाढवू?" मी म्हटलं, "हो." तो हसला. पुढच्या महिन्यात मी गोदाम सोडलं आणि एका पानवाल्याने रिकामा केलेला गाळा धरला. भाडं उतरवून घ्यायला घरमालकाच्या दारात सकाळपासून बसले होते. दुपारी त्याच्या बायकोने मला जेवायला वाढलं आणि नवऱ्याला म्हणाली, "देऊन टाका हो. नाहीतर ही इथेच राहील."

पुण्यात चहाचं दुकान म्हणजे मिश्रणाचं दुकान. कुणाला रंग हवा, कुणाला कडकपणा, कुणाला वास. दाणेदार इतका, भुकटी इतकी, वर मूठभर दार्जिलिंग. लोक प्रमाण सांगत नाहीत, "आमचं नेहमीचं द्या" म्हणतात, आणि ते लक्षात ठेवणं हे दुकानदाराचं काम. लग्न होऊन दुसऱ्या पेठेत गेलेल्या मुली यायच्या आणि हळूच म्हणायच्या, "आईकडचं मिश्रण द्या ना. पण पुडीवर सासरचं नाव घाला." मी घालायचे.

पण हे सगळं दुधाच्या चहाचं झालं. मला लिहायचंय ते हिरव्या चहाबद्दल, आणि तो मला पाठवणाऱ्या एका माणसाबद्दल. त्या माणसाने माझ्यावर अन्याय केला असं मी मानते. आणि त्याच्याशी भांडायला मिळावं म्हणून रविवारची वाटही बघते.

सुरुवात रसूलभाईंपासून झाली. थंडी पडली की आमच्या मोहल्ल्यात काश्मिरी शालवाले खोली घेऊन राहायचे, त्यांतले हे एक. दुकानात आले आणि म्हणाले, "भाभी, हिरवी पत्ती आहे का? कहव्यासाठी, आमच्या मसाल्याच्या चहासाठी." नव्हती. साऱ्या पुण्यात नव्हती म्हणा. मी मुंबईच्या एका दलालाकडून मागवली. रसूलभाईंनी चिमूट हातावर घेतली, नाकाशी नेली आणि परत डब्यात टाकली.

"काय झालं?"

"भाभी, ही पत्ती नाही. पत्तीचं मयत आहे."

मला राग आला, पण वास घेऊन बघितला तर माणूस खरं बोलत होता. मग त्यांनीच सांगितलं, की त्यांच्या आजोबांच्या काळी हिरवी पत्ती कांगड्याहून अमृतसरमार्गे वर काश्मीरला जायची. कांगडा कुठे आहे हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं, "तिथे भाव करतात का?" ते म्हणाले, "डोंगरातले लोक आहेत. करतात, पण हट्टी आहेत." मला तेवढं पुरे होतं.

हिरवा चहा म्हणजे काय ते आधी सांगते, कारण लोक अजून गोंधळतात. मंडईत आलं-पुदिन्याबरोबर जुडी मिळते तो गवती चहा. ते गवत आहे. सर्दीला चांगलं आहे, पण चहाच्या झुडपाशी त्याचं नातं नाही. हिरवा चहा मात्र त्याच झुडपाचा, ज्याचा आपला रोजचा चहा. फरक खुडल्यानंतरचा. पत्ती खुडून, चुरगळून ठेवली तर कापलेल्या सफरचंदासारखी ती तांबूस पडत जाते. तो काळा चहा. खुडल्यावर लगेच तिला आच दिली तर हिरवेपणा तिथल्या तिथे थांबतो. जपानी लोक वाफ देतात. कांगड्यात जुनी रीत कढईची. लोखंडी कढईत पत्ती हाताने परतायची, वळायची, पुन्हा परतायची. करायचा कसा, तर पाणी खळखळू द्यायचं नाही. तळाशी बारीक बुडबुडे दिसले की उतरवायचं, पत्ती टाकून झाकायचं, दोन-तीन मिनिटांत गाळायचं. दूध नाही. साखर घालाल तर तुमची मर्जी, पण मला सांगू नका.

मोहल्ल्यात एक हकीमसाहेब होते. रसूलभाई थंडी संपली की जायचे, हकीमसाहेब बारमाही. ते म्हणायचे, चीनच्या लोकांनी ही पत्ती आधी दवा म्हणून घेतली आणि मग सवय म्हणून. जड मटणाच्या जेवणानंतर ते वेलदोडा टाकून द्यायचे, पोटाचा फुगारा उतरायला. डोकं जड असेल, झापड येत असेल, लघवी साफ होत नसेल, तर दुपारी एक कप. हिरड्या सुजल्या, तोंडाला वास आला, तर कोमट करून चुळा. आमच्या गल्लीत जरीकाम करणारी माणसं होती. त्यांना ते वापरलेली पत्ती गार करून, फडक्यात बांधून मिटल्या डोळ्यांवर ठेवायला सांगायचे. पायांना घाम येऊन वास मारत असेल तर पत्ती कडक उकळून त्या पाण्यात पाय बुडवायचे. उकळायची परवानगी तेवढ्यापुरतीच. काश्मिरी कहव्यात दालचिनी, वेलदोडा, केशर, वर बदामाचे काप. तो थंडीचा उतारा. जपून राहायच्या गोष्टीही ते सांगायचे. उपाशीपोटी घेतला तर मळमळतं. संध्याकाळनंतर घेतला तर झोप उडते. रक्त कमी असलेल्या बाईने जेवणाबरोबर घेऊ नये. हे सगळं मी ऐकलेलं आणि थोडंफार बघितलेलं सांगते. मी हकीम नाही. कुणाचा आजार बरा केल्याचं श्रेय मी पत्तीला कधी दिलं नाही आणि तसं सांगून कधी विकलीही नाही.

तर कांगडा. पालमपूरजवळ लहानशी चहाची बाग असलेले एक राणासाहेब होते, त्यांचा पत्ता अमृतसरच्या एका आडत्याकडून मिळाला. नमुना शिवलेल्या कापडी पिशवीत आला. पिशवी उसवली आणि नाक आत घातलं. भाजलेल्या ओल्या हरभऱ्याचा वास, आणि त्याच्यामागे काहीतरी फुलासारखं. मी लगेच ट्रंक कॉल लावला आणि म्हटलं, "माल बरा आहे." इतका चांगला माल मी आयुष्यात हातात धरला नव्हता.

पलीकडून मोठा, घुमणारा आवाज आला. ते हिंदीत बोलायचे, मी माझ्या हिंदीत, इथे मराठीत लिहिते. म्हणाले, "बहनजी, प्यायलात का?"

"वास घेतला."

"मग आधी प्या, मग बोला."

"पिते. पण तुम्हीही प्या. मी एकटीने का?"

तिथून आमची रीत पडली. पहिली तोड चैत्राच्या सुमाराला होते. नमुना आला की एका रविवारी सकाळी फोन. दोन्हीकडे एकाच वेळी पाणी तापवायचं, एकाच वेळी पत्ती टाकायची, आणि चहा मुरेपर्यंत कुणी बोलायचं नाही. ट्रंक कॉलची एक पाळी तीन मिनिटांची असायची, म्हणजे पहिली पाळी पूर्ण गप्प बसण्यात जायची. टेलिफोनवाली मध्येच यायची, "बोलताय ना?" मी म्हणायचे, "थांबा बाई, मुरतोय." माझे मिस्टर कपाळाला हात लावायचे. "गप्प बसायचे पैसे भरणारी तू पुण्यातली पहिली," म्हणायचे.

मग भाव. मी म्हणायचे, पत्तीला तुरटपणा जास्त आहे. राणासाहेब म्हणायचे, "पत्तीत दोष नाही. माझ्या कपात गोड लागतेय. तुमचं पाणी जड आहे." आता माझे मिस्टर पालिकेच्या पाणीखात्यात. आमच्या घरात कुणाच्याही आईवडिलांना नाव ठेवलेलं चाललं असतं, खडकवासल्याच्या पाण्याला नाही. त्यांनी रिसीव्हर माझ्या हातातून घेतला. "अहो साहेब, हे पाणी प्यायला लोक पुण्यात बदली मागून घेतात."

"भाईसाहेब," राणासाहेब म्हणाले, "मी पाणी विकत घेत नाही आहे. पत्ती विकतोय. बहनजींना द्या."

दरवर्षी तेच. मी पत्तीवर, ते पाण्यावर. एकदा मी ओरडून फोन आपटला आणि अर्ध्या तासाने पुन्हा लावला. ते म्हणाले, "मी जागेवरच बसलोय. दुसरा कप केलाय." आम्ही एकमेकांना कधी बघितलं नव्हतं. फोटोसुद्धा नाही.

मिस्टर गेले त्या वर्षी मी काहीच मागवलं नाही. दुकान मुलगी उघडत होती. चैत्रात फोन वाजला. मी उचलला, ते म्हणाले, "पाणी ठेवा." ठेवलं. दोघं प्यायलो. सांत्वनाचा एक शब्द ते बोलले नाहीत. मग त्यांनी भाव सांगितला. इतका बेशरम भाव त्यांनी कधी सांगितला नव्हता. मी ओरडले. इतके महिने माझा आवाज घरात कुणी ऐकला नव्हता. मुलगी धावत आली. पलीकडून ते म्हणाले, "हां, आता बोला." त्या दिवशी दुपारी मी दुकानात गेले.

पुण्यात ही पत्ती खपवणं सोपं नव्हतं. दुधाविना चहा ही पुणेकराला फसवणूक वाटते. सदाशिव पेठेतले एक निवृत्त मास्तर पहिलं पाकीट घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी थर्मास घेऊन दुकानात हजर.

"आपण हे प्यावं अशी विनंती आहे," म्हणाले.

मी ओतून बघितलं. राखाडी, वर साय. "मास्तर, किती उकळलात?"

"चहा उकळतात तितका."

"आणि दूध?"

"म्हणजे? ते आपण वेगळं विकता का?"

"मास्तर, मी तुम्हाला पाकिटाबरोबर सांगितलं होतं, उकळायचं नाही, दूध नाही."

"सांगितलंत. पण आपण रागावून सांगितलंत. रागावलेल्या माणसाचं आम्ही ऐकत नाही, तो आमचा जुना धंदा आहे."

मी आतल्या स्टोव्हवर पाणी ठेवलं आणि करून दाखवला. मास्तर पूर्ण कप प्यायले आणि थर्मास उचलून गेले. आठवड्याने येऊन म्हणाले, "ते गवताचं पाणी आणखी एक पाव." असं म्हणतच ते वर्षानुवर्षं नेत राहिले. तेही नाव मला आवडायला लागलं होतं.

मग दिवस फिरले. ज्या पत्तीला लोक नाकं मुरडायचे, तिचा अचानक बोलबाला झाला. हिंजवडीच्या एका कंपनीतून एक मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात दोन फोन, बोलायला गोड. कंपनीच्या कँटीनसाठी मोठी ऑर्डर होती.

"मॅम, फक्त पॅकवर 'वेट लॉस' असं प्रिंट करून द्याल का? एम्प्लॉयीज मोटिव्हेट होतात."

"तुमचं ऑफिस कितव्या मजल्यावर आहे?"

"सिक्स्थ."

"मग लिफ्टवर छापा. बंद आहे म्हणून."

ती हसली, पण ऑर्डर दुसरीकडे गेली. माझी मुलगी माझ्यावर चिडली. मी म्हटलं, चहाने माणूस ताजातवाना होतो, साखर-दूध सुटलं तर तेवढं पोटात जायचं थांबतं, यापलीकडे मला माहीत नाही. आणि जे माहीत नाही ते मी छापणार नाही. पण सगळे माझ्यासारखे नव्हते. दुकानादुकानांत हिरव्या पिशव्या लटकायला लागल्या, आणि खरेदीदार थेट बागांपर्यंत पोचले.

एका चैत्रात नमुना आला नाही.

मी वाट बघितली. रविवारी सकाळी उगीचच फोनजवळची कामं काढली. पितळी डबे घासले, आधीच घासलेले. वैशाख लागला. मग मुंबईच्या त्याच दलालाने, ज्याच्याकडून मी पहिल्यांदा मयत पत्ती घेतली होती, मोठ्या आनंदाने कळवलं, की राणांच्या बागेचा सगळा माल आता एका बड्या कंपनीने बांधून घेतलाय. सगळा.

भाव वाढवून मिळाला तर माणूस देणारच. मीही दिला असता. माझा राग त्याचा नव्हता. मला विचारलं नाही, याचा होता. इतकी वर्षं ज्या बाईशी प्रत्येक पैशासाठी भांडलात, तिला एकदा तरी म्हणायचं, की समोरच्याने इतका भाव लावलाय, तू काय देतेस? मी कदाचित हरले असते. पण मला हरण्याची संधी तर द्यायची. दुकान बंद केलेल्या माणसाला जसं कुणी विचारत नाही, तसं मला विचारलं नाही.

मी फोन केला नाही. त्यांनीही केला नाही. हिरवी पत्ती मी दुसरीकडून आणली. बरी होती. मास्तरांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"हे ते नव्हे."

"ते संपलं, मास्तर."

"पत्ती संपली की सप्लायरशी बोलणं?"

मी त्यांचा कप उचलून आत नेला. शाळामास्तरला खोटं सांगून उपयोग नसतो.

अशी काही वर्षं गेली. रविवारी सकाळ मोकळी असायची आणि ती मला खायला उठायची. भाव करायला माणसं होती, पण ती लगेच कबूल व्हायची किंवा "फिक्स रेट आहे, मॅडम" म्हणायची. फिक्स रेट म्हणणाऱ्या माणसाशी काय बोलायचं? मी भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी भांडून बघितलं. ती चव नाही.

नातीला बर्फ बघायचा होता, म्हणून आम्ही एका टूरबरोबर धर्मशालेला गेलो. निदान मी घरात सगळ्यांना बर्फाचंच कारण सांगितलं. टूरवाले सकाळी सहाला बॅगा बाहेर ठेवायला लावतात आणि दहा मिनिटांत देऊळ उरकतात. एका सकाळी मी म्हटलं, माझं पोट बरं नाही, तुम्ही व्हा पुढे. बस गेल्यावर टॅक्सी केली आणि पालमपूर गाठलं.

बाग विचारत विचारत गेले. वळणावर एक बसकं घर, मागे चहाची झुडपं, त्यांच्यामागे बर्फाचे डोंगर. फाटकाशी टॅक्सीवाला थांबायचे जादा पैसे मागायला लागला. मी म्हटलं, "थांबायचे कसले? गाडी बंद आहे, तू सावलीत बसणार, हवा फुकटची." तो काही बोलला, मी त्याहून मोठ्याने बोलले. तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला, "पूनेवाली?"

तोच आवाज. माणूस मात्र एवढासा. लोकरी टोपी, बारीक मनगटं. इतका मोठा आवाज ते ठेवायचे कुठे कोण जाणे. माझा चेहरा त्यांनी नीट बघितलासुद्धा नव्हता. टॅक्सीवाल्याला म्हणाले, "दे बाबा सोडून. माझा कधी निभाव लागला नाही, तुझा काय लागणार?"

मी ओसरीवर बसले. त्यांच्या सुनेने पाणी दिलं. मी प्रवासभर पाठ केलेलं वाक्य सरळ टाकलं. "मला विचारलं नाहीत."

त्यांनी आत हाक मारून चहा मागवला. सून चहा घेऊन आली. हिरवा, कढईचा. वाफेबरोबर तो वास आला आणि मी कप नुसता नाकाशी धरला. राणासाहेबांनी आपला कप उचलला, घोट घेतला, आणि विचारलं, "कसा आहे?"

"तुमचा चहा. तुम्ही सांगा."

"मला कळत नाही."

मला वाटलं डाव आहे. मी म्हटलं, "आता भाव नाही करायचा. सरळ बोला."

"सरळच बोलतोय, बहनजी. त्या वर्षी थंडीत ताप आला, महिनाभर. ताप गेला, नाकही गेलं. वास नाही, चव नाही. हा चहा गरम आहे एवढं कळतं. राजमा खाल्ला काय, ओला कागद खाल्ला काय." त्यांनी कप खाली ठेवला. "चैत्रात पत्ती आली. सून म्हणाली चांगली झाली. पण मी तुमच्यासमोर काय प्यायलो असतो? गप्प बसलो असतो, मग काहीतरी बोललो असतो, आणि तुम्हाला दोन वाक्यांत कळलं असतं. कंपनीवाले आले. त्यांच्याकडे यंत्र आहे. माझ्या नाकाची त्यांना गरज नव्हती."

"मग फोन करून एवढं सांगायचं."

"काय सांगायचं? चहावाल्याचं नाक गेलं म्हणून?"

मला दया यायला हवी होती. मला राग आला. "मी प्यायले असते दोघांच्या वतीनं. मी सांगितलं असतं कसा झालाय."

"तुम्ही?" ते म्हणाले. "तुम्ही मला लुटलं असतं."

सून आत तोंड फिरवून हसली. मी हसले नाही. कारण ते खरं होतं. पहिल्या वर्षी लुटलं असतं.

डोंगरावरचं ऊन ओसरीपर्यंत आलं होतं. ते पुन्हा म्हणाले, या वेळी हळू, "सांगा ना. कसा झालाय?"

मी प्यायले. मी त्यांना सगळं सांगितलं. आधी ओल्या हरभऱ्याचा घाटा शेकोटीत भाजला की येतो तसा वास. मग जिभेच्या कडांना गोडवा, उसाच्या शेंड्याकडचा असतो तेवढाच. तुरटपणा अगदी शेवटी, आणि तो रेंगाळत नाही. मग कप रिकामा झाल्यावर तळाशी फुलाचा वास, चमेली म्हणाल तर नाही, पण त्या घरातला. ते डोळे मिटून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "कढई जास्त तापली होती का?" मी म्हटलं, "एक घाणा किंचित करपलाय." त्यांनी सुनेकडे बघितलं. सून म्हणाली, "पहिलाच, बाबूजी."

ही पत्ती कंपनीची नव्हती. घरामागच्या चार झुडपांची, सुनेने हाताने केलेली, घरच्यापुरती. राणासाहेबांनी लहान डबा मागवला आणि माझ्यासमोर ठेवला. "घेऊन जा, बहनजी. भेट."

"फुकट मी काही घेत नाही. भाव सांगा."

"विकायची नाही ती."

"मग राहू द्या."

त्यांनी डबा पुन्हा आपल्याकडे ओढला. मग त्यांनी भाव सांगितला. मिस्टर गेले त्या वर्षीच्याहून बेशरम. मी म्हटलं, "करपलेल्या मालाला?" ते म्हणाले, "करपल्याचा वास मला येत नाही, तुमची साक्ष मी का मानू?" मी अर्ध्यावर मागितला. ते म्हणाले, "इथल्या पाण्यात पिऊन हा भाव लावताय. तुमच्या त्या पाण्यात गेल्यावर तर पत्तीची अब्रूच जाईल." मी ओसरीवरून उठून उभी राहिले. टॅक्सीवाला फाटकातून आत येऊन बघायला लागला. सून पुन्हा चहा ठेवून गेली, तोही संपला. ते चार आणे उतरले, मी चार आणे चढले, आणि तिथे दोघंही अडलो. बस परतायची वेळ झाली, तसा डबा तिथेच ठेवून मी निघाले.

पुण्यात आल्यावर मुलगी म्हणाली, "अम्मी, इतक्या लांब जाऊन रिकाम्या हाताने आलीस? द्यायचा होता ना त्यांचा भाव." तिला धंदा चांगला जमतो, पण तिला फिक्स रेटची सवय आहे.

हिरवी पत्ती काळ्या चहासारखी टिकत नाही. वर्ष सरलं की वास उडतो, आणि मग तिच्यात आणि वाळल्या पाल्यात फरक राहत नाही. राणासाहेबांकडच्या त्या डब्याला आता दोन चैत्र उलटून गेले, आणि रविवारचे फोन पुन्हा सुरू झालेत. हे त्यांना माहीत आहे, मला माहीत आहे. परवा रविवारी मी फोन लावला तर म्हणाले, "सूनबाई, पाणी ठेव." आम्ही दोघं प्यायलो, मी इथलं काहीबाही, ते नुसतं गरम. मग त्या डब्याच्या भावात ते अगदी थोडे उतरले. मी म्हटलं, "इतक्या जुन्या मालाला हा भाव? लाज वाटत नाही?" आणि फोन ठेवून दिला.